उणे ऐंशी

फ्रीझरच्या दाराच्या आतल्या बाजूला, वरून दुसऱ्या कप्प्याच्या डाव्या कोपऱ्यात, हिमाचा थर चार मिलिमीटर होता. गेल्या महिन्यात तो साडेतीन होता. मी पट्टी लावून मोजते. नुसतं बघून 'जरा वाढलंय' म्हणणं मला जमत नाही. हिम सगळीकडे सारखं साचत नाही. जिथे दाराचं रबर थोडं सैल झालंय तिथे बाहेरची दमट हवा आत शिरते आणि जागच्या जागी गोठते. तिथलं हिम दाणेदार असतं, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं की पिठीसारखं भुरभुरतं.

खाली, स्टुलापाशी, सफाईकाम करणाऱ्या मावशी ट्रे धरून उभ्या होत्या.

"बाई, आटपा. दार उघडं राहिलं की हे बोंबलायला लागतं."

"अर्धंच मिनिट."

"तुमचं अर्धं मिनिट मला ठाऊक आहे. तेवढ्यात माझा जिना पुसून होतो."

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघी हे काम करतो. फ्रीझर तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत आहे. माणसाच्या उंचीचं पांढरं कपाट, दारावर लाल आकडे: उणे ऐंशी, कधी उणे एकोणऐंशी. आत दोन हजार एकशे साठ नळ्या, प्रत्येक करंगळीच्या पेराएवढी. प्रत्येकीत चिमूटभर माती.

ही माती सरांची. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांनी तीस वर्षं, दर महिन्याला, शहराबाहेरच्या एका दलदलीत उतरून सहा नमुने आणले आणि लगेच गोठवले. त्यांचा प्रश्न साधा होता. हवा तापत गेली तसे मातीतले जिवाणू जास्त जोमाने श्वास घ्यायला लागले का? मातीही उच्छ्वास टाकते, आणि तो थोडाथोडका नसतो. जिवाणू त्या घडीला काय करत होते याची खूण त्यांच्या आरएनएत असते. आरएनए फार नाजूक. उणे ऐंशीत वर्षानुवर्षं टिकतो. माती वितळली की दिवसाभरात त्याचे तुकडे पडतात. सरांच्या उमेदीच्या काळात तो नीट मोजण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी नमुने साठवले. पुढच्यांसाठी. दलदल आता राहिलेली नाही. तिच्यावर भराव पडला आणि गोदामं उभी राहिली. ती माती आता फक्त या कपाटात आहे.

आणि कपाटातली प्रत्येक नळी सात वर्षांपूर्वी निकामी झाली आहे. हे मला ठाऊक होतं. सरांना नव्हतं.

त्या सोमवारी मी हिम खरवडून दार लावलं, आकडा परत ऐंशीवर येईपर्यंत थांबले, आणि वहीत 'चार' असं लिहिलं. तेवढ्यात फोन वाजला.

"दशांश!" सर ओरडलेच. विद्यार्थिदशेत मी प्रत्येक उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत द्यायचे, तेव्हापासून मी त्यांची दशांश. "पत्र आलं! त्यांना हवेत. सगळे. तीसच्या तीस वर्षं!"

"कोणाला, सर?"

"अगं ती दूरची मंडळी, मातीच्या श्वासावर काम करणारी. पोरगी पंचविशीची असेल, पण पत्र काय लिहिलंय! म्हणते, एकाच जागेचे सलग तीस वर्षांचे नमुने जगात आणखी कुठे असल्याचं तिला माहीत नाही. गुरुवारी माणूस येतोय कोरडा बर्फ घेऊन. मी बुधवारी येतो, यादी पडताळायला. ठीक आहेत ना माझी पोरं?"

दर महिन्याला ते फोन करून हेच विचारतात. आणि दर महिन्याला मी तेच उत्तर देते.

"उणे ऐंशी, सर."

तापमान खरं होतं. मी त्यांच्याशी कधीच खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला समजावायचे.

*

घडलं ते असं.

सात वर्षांपूर्वी मी संस्थेत पहिलं व्याख्यान दिलं. विषय: तापमानवाढ आणि आपण. आमची संस्था मातीवर संशोधन करते, तरी हिशेबनीस, ग्रंथपाल, माळी यांना हा विषय कोणी कधी समजावून सांगितला नव्हता. मी साध्या शब्दांत सांगायचं ठरवलं. सभागृह मागच्या खोलीला लागूनच. बोलायला सुरुवात केली आणि भिंतीपलीकडे पीक-पीक सुरू झालं. फ्रीझरच्या धोक्याच्या घंटीची बॅटरी उतरली होती. लोक हसायला लागले. मी आत गेले, बॅटरी काढून पर्समध्ये टाकली आणि परत येऊन बोलत राहिले. नवी बॅटरी आणायची राहून गेली.

व्याख्यान चांगलं झालं. शेवटी मी म्हणाले, "मोठ्या गोष्टी राहू द्या. घरी जाताना एवढंच करा: कोणी नसताना जे गुणगुणत असतं, ते शोधा आणि बंद करा." वाक्य मला स्वतःलाच आवडलं होतं. टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेत मावशी बसल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वीच त्यांची ग्रंथालयातून आमच्या मजल्यावर बदली झाली होती. फ्रीझरच्या बटणावरची 'बंद करू नये' ही लाल पट्टी रंगाऱ्यांनी भिंत रंगवताना काढली होती आणि कोणी परत लावली नव्हती. चार दिवसांची सुट्टी लागणार होती. संध्याकाळी मजला रिकामा झाल्यावर मावशी खोल्याखोल्यांतून हिंडल्या. मागच्या खोलीत कोणी नसताना काहीतरी गुणगुणत होतं. त्यांनी बंद केलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी सगळ्यांत आधी आले. फरशीवर पाणी होतं. दारावर आकडा नव्हता. मी बटण चालू केलं तेव्हा तो उमटला: अधिक तेवीस.

थोड्या वेळाने मावशी आल्या, पदर खोचून, खूश. "बाई, सुट्टीला जाताना एक दिवासुद्धा चालू ठेवला नव्हता. तुम्ही सांगितलंत तसं."

"छान केलंत," मी म्हणाले. "आतलं हिम वितळलंय जरा. एवढं पाणी पुसून घ्या."

त्याच आठवड्यात मी तीन वेगवेगळ्या वर्षांच्या तीन नळ्या काढून तपासल्या. चाचणीच्या छापील निकालात, आरएनए शाबूत असता तर ठळक पट्ट्या दिसायला हव्या होत्या तिथे नुसता पुसट डाग होता. तिन्हींत. मी तो कागद खणात ठेवला. नळ्या पुन्हा गोठल्या होत्या. बाहेरून पाहिलं तर काहीच झालं नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्या आठवड्यात सर इस्पितळात होते, हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी. धक्का बसेल असं काही बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हटलं, घरी येऊ देत. घरी आले तेव्हा म्हटलं, जिना चढायला लागू देत. मग त्यांचा निरोपसमारंभ आला. त्यात ते म्हणाले की, माझी संपत्ती एका कपाटात मावते आणि तिची किल्ली दशांशकडे आहे. त्या दिवशी कशी सांगणार? पुढे एक वर्ष झालं. वर्षानंतर सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या: नमुने गेले, आणि मी वर्षभर गप्प होते. दुसरी गोष्ट दर महिन्याला वाढत गेली.

शिवाय मावशींची नोकरी जाईल, असंही मी मनाशी म्हणत असे. हे कारण मला फार उपयोगी पडलं.

*

फ्रीझर जुना आहे. रोज अठरा युनिट वीज खातो. आमचं घर रोज सहा युनिट वापरतं. म्हणजे गेली सात वर्षं मी तीन घरांची वीज लावून नासलेली माती थंड ठेवते आहे. पंचेचाळीस हजार नऊशे नव्वद युनिट. लीप वर्षाचे जादा दिवस धरलेले नाहीत.

घरात मात्र मी कडक आहे. इतकी, की माझ्या नवऱ्याचे सगळे विनोद त्याच विषयावर असतात. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना 'आता स्पष्ट दिसतंय का?' विचारून तो घरी येतो.

"दिवा लावू का? की अर्ज करू?" त्या सोमवारी संध्याकाळी आल्या आल्या त्याने विचारलं.

"अजून उजेड आहे."

"मला तुझा चेहरा दिसत नाहीये. त्याअर्थी एकतर अंधार आहे किंवा तू तोंड पाडून बसली आहेस."

"दमलेय."

"लोकांना ब्रह्मज्ञान सांगून सांगून दमणारच." त्याने दिवा लावला. मी उठून पलीकडच्या खोलीतला बंद केला. त्याने कपाळावर हात मारला. "अगं, एका दिव्याने पृथ्वी बुडत नाही."

"एका दिव्याने नाही बुडत," मी म्हणाले.

गार पाण्याने अंघोळ, इस्त्री न केलेले कपडे, तीन मजले पायी, कुठेही जायचं तर बस. सात वर्षांत मी घरात जे वाचवलं त्याचाही हिशेब माझ्याकडे आहे. ते फ्रीझरच्या चार महिन्यांच्या वापराएवढंसुद्धा नाही. आकडेमोड मला येते, त्यामुळे ही पळवाट बंद होती. तरी मी बादली मोजून भरत राहिले.

आणि व्याख्यानं देत राहिले. पहिल्या व्याख्यानाचं इतकं नाव झालं, की संचालकांनी एक समिती नेमली आणि मला तिच्या डोक्यावर बसवलं. यंदा समितीने काम शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं. चार व्याख्यानं, आधी आणि नंतर प्रश्नावली, शिवाय इमारतीच्या मीटरची रोजची नोंद. निकाल माझ्या टेबलावर होता. लोकांची जाण दहापैकी पाच पूर्णांक आठवरून आठ पूर्णांक एकवर गेली होती. इमारतीचा वापर रोजच्या चारशे बारा युनिटवरून चारशे नऊवर आला होता. मीटरच्या रोजच्या चढउतारात तीन युनिट कुठेच्या कुठे हरवतात. म्हणजे लोकांना सगळं कळलं होतं, आणि कोणी काही केलं नव्हतं.

अहवालात 'संभाव्य कारणे' असा एक रकाना होता. तो कोराच होता.

मंगळवारी सकाळी वीजतंत्री आला. संचालकांनी त्याला प्रत्येक खोलीचा वापर मोजायला लावला होता. त्याने मागच्या खोलीतल्या वायरीला चिमटा लावला, यंत्राकडे पाहिलं आणि शीळ घातली.

"मॅडम, इथे हत्ती बांधलाय का?"

"नमुने आहेत. उणे ऐंशीला ठेवावे लागतात."

"कशाचे?"

"मातीचे."

"माती?" तो हसला. "आमच्याकडे माती उन्हात असते आणि तिथेही बरी असते." मग माझा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं. "नाही, तसं नाही, शास्त्राचं काम असेल. तुम्ही काय उगाच चालवणार आहात का!" आणि त्याच्या तक्त्यात, आमच्या खोलीपुढे, त्याने लिहिलं: अत्यावश्यक.

मी त्याला थांबवलं नाही.

*

दुपारी मी यादी काढून बसले होते. गुरुवारी येणाऱ्या माणसाला द्यायचे कागद भरायचे होते. 'नमुने सलग गोठलेल्या स्थितीत होते' या वाक्यापुढे सही करायची होती. पेन हातात होतं. सही केली असती तर माती तिकडे गेली असती, त्या मुलीने वर्षभर मोजली असती, आणि तिला कदाचित उत्तर मिळालं असतं की, जिवाणूंमध्ये तीस वर्षांत काही फरक पडला नाही. सगळ्याच नळ्यांत सारखाच चुरा. फरक कुठून दिसणार? आणि ते उत्तर छापलं गेलं असतं.

मावशी टेबल पुसायला आल्या. दोनदा तोच कोपरा पुसला.

"बाई, ती माती जाणार म्हणे."

"हं."

"चांगली आहे ना?"

मी वर पाहिलं. "का विचारताय?"

"जाणार म्हणून विचारलं. लांबचा प्रवास." त्यांनी फडकं घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. मग खुर्ची ओढून बसल्या. सात वर्षांत माझ्यासमोर त्या पहिल्यांदाच न विचारता बसल्या. "बाई, मी अडाणी असेन, आंधळी नाही. घरातला फ्रिज चार दिवस बंद राहिला की आतल्याचं काय होतं, ते मला कोणी शिकवायला नको."

माझ्या हातातलं पेन मी खाली ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिवशी नव्हतं. पाणी पुसलं, बादलीत पिळलं, तुम्ही छान म्हणालात म्हणून खुशीत घरी गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा तुमचा चेहरा असा होता..." त्यांनी स्वतःचा गाल आत ओढून दाखवला. "मग त्या बटणावर तुम्ही लाल पट्टी लावलीत. तेव्हा कळलं. मी वाट बघत राहिले. म्हटलं, आज रागावतील, उद्या रागावतील."

"मी का रागावणार?"

"तेच तर! रागावला असतात तर सुटले असते. तुम्ही एक शब्द काढला नाहीत. मला वाटलं, इतकं मोठं नुकसान झालंय, की बाईंना शब्दच सापडेना."

मी पेनाचं टोपण लावलं.

"तेव्हापासून मी बटण बंद करत नाही," मावशी म्हणाल्या. "इथलं नाही आणि घरचंही नाही. खोलीतून उठले तरी पंखा गरगरत असतो. सून म्हणते, सासूबाई, वीज काय झाडाला लागते? मी म्हणते, तू कर गं बाई बंद, माझा हात नको. नातवंडांना गंमत वाटते. आजीला बटणाची भीती!" त्या हसल्या, पण हसू लगेच विरलं. "तुमचं व्याख्यान मात्र मी एकही चुकवलं नाही. मागे बसते. ऐकायला चांगलं वाटतं."

पहिल्या व्याख्यानानंतरही आम्ही प्रश्नावली वाटली होती. मावशींना दिली नव्हती. ती 'शास्त्रज्ञ व कार्यालयीन कर्मचारी' यांच्यासाठी होती. त्या सभागृहातल्या एकशे दहा माणसांपैकी माझं बोलणं ऐकून उठून काहीतरी करणारी एकच व्यक्ती होती, आणि ती माझ्या तक्त्यात कुठेच नव्हती. तिने केलं ते चुकीच्या यंत्राला केलं, कारण मी तिला चुकीचं वाक्य दिलं होतं. आणि नंतर सात वर्षं मी तिला 'तुमची चूक नाही' एवढंही म्हटलं नाही, कारण ते म्हणायचं तर काय चुकलं ते सांगावं लागलं असतं.

"मावशी, तुमची चूक नव्हती."

"मग कोणाची?"

घंटीची बॅटरी, लाल पट्टी, ते वाक्य. सगळं ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "कोणाची अशी नाही. होतं असं."

मावशी उठल्या आणि त्यांनी फडकं उचललं.

"उद्या साहेब येतील तेव्हा मीच सांगून टाकते. महिनाअखेरीला माझी नोकरी संपतेय. आता मला काय फाशी देणार आहेत? सांगितलं की निदान पंखा तरी बंद करता येईल."

"नको, मावशी. थांबा. बघू."

"बघा," त्या दारातून म्हणाल्या. "तुम्ही बघा. मी सांगते."

कागदावर मी त्या दिवशी सही केली नाही. फाडलाही नाही. नेहमीप्रमाणे खणात ठेवला.

*

बुधवारी अकराच्या सुमारास सर आले. काठी, इस्त्रीचा सदरा, बगलेत यादीची वही. लिफ्टमधून बाहेर पडताना त्यांना धाप लागली होती.

"पोरं निघाली जग बघायला आणि बाप लिफ्टमध्ये दमला," ते म्हणाले. "दशांश, तू बारीक झालीस. चष्मेवाला तुला उपाशी ठेवतो की काय?"

"नाही, सर. बसा ना."

"बसायला घर आहे. आधी दर्शन."

मी त्यांना जाड हातमोजे घालायला मदत केली. एक मोजा दोनदा उलटा गेला. मी दार उघडलं. पांढरा धूर खाली ओघळला. त्यांनी वरच्या कप्प्यातला एक डबा ओढला आणि झाकणावरचं अक्षर वाचलं. त्यांचंच अक्षर, तरुणपणचं, उजवीकडे झुकलेलं.

"हा बघ. ह्या डब्याच्या महिन्यात गुडघाभर चिखलात उतरलो होतो. डावा बूट आत राहिला तो राहिलाच. एका पायात बूट घालून घरी गेलो. बायको म्हणाली, उद्या पायही ठेवून या." ते हसले आणि हसता हसता खोकले. "बूट अजून तिथेच असेल. गोदामाखाली. कोणी खणलं तर म्हणतील, इथे एकपायी माणसं राहत होती."

मला हसू आलं. ते आलं याची मला लाज वाटली.

"माहितेय का," डबा परत सरकवत ते म्हणाले, "मी सुरुवात केली तेव्हा लोक म्हणायचे, चिखल काय गोळा करतोस. त्यांना काय सांगणार? मलाच उत्तर ठाऊक नव्हतं. वाटायचं, एकदा हे लोकांपुढे मांडलं की ते आपोआप सुधारतील. माहिती नाही म्हणून चुकतात, असं वाटायचं. तुझी व्याख्यानं ऐकली की मला तेच आठवतं. फरक पडतोय का काही?"

"नाही, सर."

"नाही?"

"तीन युनिट."

"असू दे. तीन तर तीन." त्यांनी मोजा काढला. "ही माती बोलायला लागली की पडेल फरक."

मावशी चहा घेऊन आल्या. ट्रे टेबलावर ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं.

"साहेब, एक सांगायचं होतं."

"बोला की, मावशी."

"रागावणार नसाल तर."

"माझ्या रागाची मुदत संपली. डॉक्टरांनी काढूनच घेतला तो."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. वाट दिल्यासारखं पाहिलं, अगदी थोडा वेळ. मी फ्रीझरचं दार लावत होते. ते आधीच लागलं होतं, तरी मी ते दाबत होते. मग त्या सरांकडे वळल्या.

"सात वर्षांपूर्वी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, हे कपाट मी—"

"मावशी, थांबा," मी म्हणाले.

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा होता. सरांनी कप खाली ठेवला.

"सर, मावशींनी बटण बंद केलं ते माझं ऐकून. मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की कोणी नसताना जे चालू असतं ते बंद करा. यंत्रावर पट्टी नव्हती, ती बघणं माझं काम होतं. घंटी वाजली नाही, कारण तिची बॅटरी मी काढली होती. व्याख्यानात व्यत्यय येत होता म्हणून."

"कसली घंटी? काय बोलतेस?"

"नमुने वितळले, सर. चार दिवस. मी आले तेव्हा आत तेवीस अंश होतं."

ते कपाटाकडे बघत राहिले. लाल आकडा उणे एकोणऐंशी दाखवत होता.

"किती गेले?"

"सगळे."

"कशावरून?" हा प्रश्न त्यांनी जुन्या आवाजात विचारला, तपासायच्या वहीवरून चष्म्याच्या वर बघत विचारायचे तसा.

"तीन वर्षांच्या तीन नळ्या तपासल्या. तिन्हींत काही उरलेलं नव्हतं. कागद माझ्या खणात आहे, देते."

"कधी तपासल्यास?"

"त्याच आठवड्यात."

त्यांनी वजाबाकी केली. मला ती दिसली. मग आणखी एक, जास्त सावकाश.

"मी दर महिन्याला फोन करायचो," ते म्हणाले.

"हो."

"आणि तू म्हणायचीस..."

"हो, सर."

मावशी तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. सर खुर्चीवर बसले. काठी गुडघ्यांत धरली, वही उघडली, मिटली. मला थांबायला आता एकही निमित्त उरलं नाही.

"हे नमुने पाठवायचे नाहीत, सर. उद्या येणाऱ्या माणसाला मी आता कळवते, त्या मुलीला खरं कारण लिहिते, माझ्या नावानिशी. आणि हा फ्रीझर सात वर्षं फक्त माझ्यासाठी चालू आहे. तो मी बंद करते आहे."